गुलाबी माजघर

॥ श्री ॥
हातखंबा, १८ ऑगस्ट १९८६

चि. दत्तात्रेय यास कमलावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आजारी भावाला बघून काल बुरोंडीहून परतले. माजघरात पाय ठेवला नि नाकाला पदर लावला. तू मुंबईहून पाठवलेल्या पेंटरने गणपतीसाठी म्हणून सगळ्या भिंतींना गुलाबी ऑइलपेंट फासलाय. दोनशे वर्षांच्या घराला गुलाबी! त्या वासाने भात गिळवत नाही. वर थर्माकोलचं मखर, त्यावर मोर, नि मोराच्या डोळ्यात लुकलुकणारा दिवा. शी! बघूनच शिसारी येते.

ते एक वेळ गिळलं असतं. पण देवाची भिंतही रंगवली रे मेल्या! आपल्याकडे मूर्ती नसते, गणपती भिंतीवरच काढतात, हे काय मी तुला सांगायचं? विसर्जनाला तो ओल्या फडक्याने पुसायचा, पुसट रेघा तेवढ्या राखायच्या, नि पुढच्या चतुर्थीला थोरल्या सुनेने त्याच रेघांवरून तांबडी काव नि चुना फिरवायचा. सासूबाईंनी तेच केलं, त्यांच्या सासूबाईंनीही तेच. तुझ्या पेंटरला ते डाग वाटले. तुझे थोरले बंधू राजाभाऊ पडवीत पान चघळत बसलेले. म्हणतात, दत्तूनेच सांगितलं असेल म्हणून बोललो नाही. धन्य ते!

चतुर्थी तोंडावर आली. आता मी कशावरून गणपती काढू, ते उलट टपाली कळव.

सौ. उमाला नि मुलांना आशीर्वाद. रागावले आहे, माया आहे तशीच आहे.

तुझी,
कमलावहिनी

मुंबई, २४ ऑगस्ट १९८६

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शिव्या अर्ध्या मी घेतल्या, अर्ध्या उमाला वाचून दाखवल्या.

वहिनी, चतुर्थीला आमचे बडे साहेब सहकुटुंब आपलं जुनं घर बघायला येताहेत. माझी बढती त्यांच्या हातात आहे. म्हणून पेंटरला बजावलं होतं, भिंतीवर एकही डाग दिसता कामा नये. देवाच्या भिंतीचं डोक्यातच आलं नाही. पण एवढं मनाला लावून घेऊ नका. येताना दोन फुटी सुरेख मूर्ती आणतो. तुम्हाला भिंतीवरचाच हवा असेल तर कार्डपेपरवर काढून चिकटवा. इतकी वर्षं काढताय, हात बसलेला आहे.

मोराचे दिवे मात्र बंद करू नका. राजाभाऊंना नमस्कार. रागासकट तुमचा आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
दत्तू

॥ श्री ॥
हातखंबा, ९ सप्टेंबर १९८६

चि. दत्तात्रेय यास आशीर्वाद.

तुझी तार हरताळकेला पोचली. साहेब गोव्याला गेले, म्हणून तूही येत नाहीस. मूर्ती तुझ्याबरोबरच यायची होती. इथे गणपती घडवतात त्या शाळेतल्या मूर्ती केव्हाच ज्याच्या त्याच्या घरी गेलेल्या. घरात गुलाबी भिंती, मोराचं मखर, नि देवाचा पत्ता नाही.

रॉकेलचा बोळा घेऊन देवाची भिंत घासली. रंग निघाला, पण त्याच्याबरोबर खालच्या रेघांची काव नि चुनाही बोळ्यावर आला. हाताकडे बघून मला रडू फुटलं. मग तुझा कार्डपेपर घेऊन बसले. सोंड जमेना, डोळे जमेनात. अरे, मला चित्र कुठे येतं? मी जन्मभर गिरवत आले. तीन कागद फाडले. शेवटी हे म्हणाले, राहू दे गो.

चतुर्थीला पाटावर तांदूळ घालून सुपारी मांडली. शेजारची यमुनाबाई आरतीला आली, सवयीने भिंतीकडे बघून हात जोडले, नि ओशाळून खाली सुपारीकडे बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मखर मी गोठ्यामागे फेकलं. हे दोन दिवस जेवले नाहीत. सारखं एकच म्हणतात, मी बसलो होतो पडवीत.

पुढल्या वर्षी तू दहा मूर्ती आणशील. या घरातला गणपती गेला तो गेला.

लोभ असावा असं लिहायला यंदा मन होत नाही.

कमलावहिनी