अभिव्यक्ती व स्वास्थ्य समितीचा अध्यक्ष

२ डिसेंबर
प्राचार्य मॅडमनी आज मला कॉलेजच्या अभिव्यक्ती व विद्यार्थी-स्वास्थ्य समितीचा अध्यक्ष केलं. सभासद अजून कोणी नाहीत. बरंच आहे, मतभेद होणार नाहीत. इतकी वर्षं राज्यशास्त्रात जे शिकवलं ते आता करून दाखवायचं.

प्रकरण असं. एस.वाय.ची हर्षला, कळंबची, बोलायला तिखट. तिने पॅसेजमध्ये फोटो-प्रदर्शन लावलंय. विषय: कारखान्यांत जखमी झालेले कामगार. त्यात मोहोपाड्याच्या एका माणसाचे भाजलेले हात आहेत म्हणे. ते बघून मुलं "ई" करून ओरडली आणि तिच्याच वर्गातला विपुल रडत घरी गेला. हात त्याच्या वडिलांचे. फोटोखाली नुसतं "एक कामगार".

निम्मा स्टाफ म्हणतो, प्रदर्शन काढा. निम्मा म्हणतो, हात लावू नका. मी म्हणालो, सुवर्णमध्य काढतो. मॅडम म्हणाल्या, लवकर काढा.

३ डिसेंबर, सकाळी
सुचला. पडदा! प्रदर्शन तिथेच राहील, ज्याला पाहायचंय त्याने पडदा सारून पाहावं. अभिव्यक्तीही सुरक्षित, स्वास्थ्यही. गॅदरिंगचा लाल मखमली लावला. बाहेर पाटी: "आतील दृश्ये विचलित करू शकतात. स्वतःच्या जबाबदारीवर पाहावे." हर्षला म्हणाली, सर, भुताच्या पिक्चरसारखं वाटतंय. तरुणांना सूक्ष्म विचार कळायला वेळ लागतो.

दुपारी
पडद्यासमोर रांग! कालपर्यंत कुणी दोन मिनिटंही थांबत नव्हतं. कॉमर्सवालेसुद्धा आले. एकाने विचारलं, तिकीट कुठं मिळतं. जागृती होतेय, असं मॅडमना फोनवर कळवलं. मधेच कट झाला. रेंज नसावी.

५ डिसेंबर
विपुल आजही नाही. त्याचा मित्र देवेश सांगत होता, कॉलेजच सोडतो म्हणतोय. काळजी वाटली. खरंच वाटली. रात्री दुसरी भाकरी गेली नाही. (भात थोडा घेतला.)

उपाय मात्र दिवसाच केला होता. लायब्ररीमागे "शांत कोपरा": चटई, तुळशीची कुंडी, मोबाईलवर बासरी. अस्वस्थ विद्यार्थ्याने येऊन बसावं. कोणी आलं नाही. चाचणी म्हणून स्वतः बसलो. अत्यंत परिणामकारक. शिपायाने उठवलं तेव्हा कॉलेज सुटलं होतं.

सुरेखा म्हणाली, अहो, त्या पोराच्या घरी सरळ जाऊन का येत नाही? बायकोला प्रक्रिया कशी समजवायची? आधी खुलं चर्चासत्र, मग बाकीचं.

८ डिसेंबर
चर्चासत्र पार पडलं. विषय: "स्वातंत्र्याच्या सीमा आणि सीमांचं स्वातंत्र्य". शीर्षक माझंच. प्रास्ताविक जरासं लांबलं. प्रश्नोत्तरांची वेळ आली तोवर मुलं कर्जतची एसटी पकडायला गेली होती. समोर एकटा देवेश. कसं वाटलं, विचारलं. म्हणाला, सर, हॉलची चावी माझ्याकडे आहे म्हणून थांबलोय.

हर्षला तर अर्ध्यातूनच उठून गेली. जिच्या अभिव्यक्तीसाठी मी घसा कोरडा केला, तीच!

९ डिसेंबर
हर्षला काल विपुलच्या घरी गेली होती. अध्यक्षांना न विचारता. देवेशकडून कळलं ते असं. विपुल तिच्याशी कडाकडा भांडला. बाबांना विचारून फोटो काढलास, मला एकदा सांगितलं असतंस तर? माझ्यासमोर सगळे ई करत होते गं. ती रडली. चुकले म्हणाली, आत्ता जाऊन उतरवते म्हणाली. तेव्हा वडील, नवनाथराव, मधे पडले. म्हणाले, "उतरवू नको गं पोरी. पन 'एक कामगार' कोन? मला नाव हाय ना."

खरं तर समितीकडे अर्ज यायला हवा होता.

१० डिसेंबर
नवनाथराव स्वतः आले. सोबत विपुल. पडद्यासमोर थांबून विचारलं, ह्यो कोनी लावला? मी अभिमानाने पुढे झालो. ते शांतपणे म्हणाले, "काढा सर. मी काय झाकून ठेवायची वस्तू हाय?"

काढला. स्टूल मीच धरलं. मी घडी घालत असताना विपुलने फोटोखाली काहीतरी लिहिलं. गर्दीमुळे मला दिसेना, देवेशने वाचून दाखवलं: "नवनाथ भोईर. माझे बाबा. आगीतून सोबत्याला बाहेर ओढताना हात भाजले." मग एक मुलगी कॅन्टीनमधून चहा घेऊन आली. नवनाथरावांनी कप दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायला. कोणीही नजर वळवली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मखमलीत धूळ फार.

जाताना ते म्हणाले, सर, तुमाला कंचा फोटो आवडला? मी म्हणालो, सगळेच बोलके आहेत.

जबाबदारीच्या गडबडीत प्रदर्शन बघायचं राहूनच गेलंय. उद्या अहवाल संपवतो. परवा सकाळी पहिलं काम तेच.

१२ डिसेंबर
लवकर गेलो. भिंत रिकामी. मुदत कालपर्यंतच होती. हर्षला आणि विपुलने मिळून सगळे फोटो उतरवले, आता मोहोपाड्याच्या कॉलनीत लावणार आहेत. इथे नुसते खिळे.

बराच वेळ खिळ्यांकडे बघत उभा राहिलो. मागून मॅडम आल्या. म्हणाल्या, बरं झालं सर, तुम्ही आलात. तेवढे उपटून घ्या.