आत माणूस आहे

प्रति,
मा. कारखाना निरीक्षक,
कामगार सुरक्षा कार्यालय.

विषय: मिक्सरवरची जुनी पाटी सोमवारपूर्वी परत लावू देण्याबाबत.
संदर्भ: माझ्या थोरल्या भावाच्या मृत्यूविषयी कंपनीचे पत्र, ज्यात मृत्यू हा शब्द नाही.

महोदय,

१. मी रंगाच्या कारखान्यात फिटर आहे. दादाही तिथेच फिटर होता. पाती साफ करायला मिक्सरमध्ये उतरताना स्विचवर ‘आत माणूस आहे’ ही पत्र्याची पाटी टांगायची, अशी आमची रीत. जो उतरेल त्यानेच ती लावायची आणि वर आल्यावर त्यानेच काढायची.

२. नव्या मॅनेजरसाहेबांना पाटी खटकली. पाहुण्यांना फार निगेटिव्ह वाटते, असे त्यांचे म्हणणे पडले. तिच्या जागी ‘ॲसेट ऑप्टिमायझेशन इन प्रोसेस’ अशी चकचकीत पाटी आली. अर्थ कोणालाच कळला नाही, पण विचारले तर अडाणी ठरू म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

३. दादा आत असताना दुसऱ्या खात्यातून आलेल्या ऑपरेटरने ती पाटी वाचली आणि मिक्सर चालू केला. त्या बिचाऱ्याला दोष देववत नाही. तो तेव्हापासून कामावर आलेला नाही.

४. ऑफिसातून वहिनींना फोन गेला की, रिसोर्सचे अनप्लॅन्ड ट्रान्झिशन झाले आहे. वहिनींना वाटले बदली झाली. पाळी कुठली, डबा कधी आणू, असे त्यांनी विचारले. त्यावर एचआर टीम रीच आउट करेल, असे सांगून फोन ठेवण्यात आला. वहिनी डबा घेऊन गेटवर आल्या. तो डबा मी घेतला. महोदय, माझे डोके फिरले आहे, एवढेच नम्रपणे कळवतो.

५. पत्रात या प्रकाराला ‘लर्निंग इव्हेंट’ म्हटले आहे. कोण काय शिकले, त्याचा उल्लेख नाही. आई ते पत्र येईल त्याच्याकडून वाचून घेते आणि विचारते, यात माझा मुलगा कुठे आहे?

६. दादाच्या जागेवर आता मला नेमले आहे. त्याला ‘ग्रोथ ऑपॉर्च्युनिटी’ म्हणतात. सोमवारी मला त्याच मिक्सरमध्ये उतरायचे आहे. चकचकीत पाटी अजून तिथेच लटकते आहे, कारण रीतीप्रमाणे ती दादाने काढायची होती. जुनी पाटी मी भंगारातून शोधून रंगवली आहे. पण ती लावल्यास कारवाई होईल, अशी तंबी मिळाली आहे. तरी आपण परवानगी द्यावी.

परवानगीला उशीर झालाच, तर माझ्या घरी कळवताना ‘मेला’ असेच कळवावे. तो शब्द आईला कळतो.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा फिटर
शनिवार, पाळी सुटल्यावर

सोबत: कंपनीचे पत्र. (पाटी जोडलेली नाही. सोमवारी लागेल.)