आवाजावर मारलेली शिट्टी

गुरुजी, आज टीव्हीवर फुटबॉलचा सामना पाहताना पंचाच्या पोटरीत गोळा आला आणि बदली पंच मैदानात उतरला. पाच मिनिटं झाली नाहीत तोच समालोचक त्याच्या दर्जावर घसरला. मी टीव्ही बंद केला. बायको म्हणाली, "तुम्हाला का एवढं झोंबलं?" झोंबलंच. बदली पंचाने काय करायचं असतं हे मी तुमच्याकडून शिकलो, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे बोलायला मला दुसरं माणूस नाही.

व्हाकोआ गावातल्या तुमच्या स्वयंपाकघरात शनिवारी दुपारी बसायचो आपण. आठवडाभर तुम्ही देवळातल्या वर्गात मराठी शिकवायचात, रविवारी शिट्टी घेऊन मैदानावर. बाहेर धुकं, काकू डाळीला फोडणी देताहेत, आणि तुम्ही टेबलावर ओल्या बोटाने रेघा ओढून मला विचारताय, चेंडू इथे असेल तर तू कुठे? मी चुकतो. "तिथून तुला पाठी दिसतील नुसत्या, फाऊल नाही," तुम्ही म्हणता आणि फडक्याने सगळं मैदान पुसून टाकता. तेव्हा आपल्या बेटावर मोठे संघ एकेका जमातीचे असत, आणि पंच कुठल्या घरचा हे आधी पाहिलं जाई. आपण मूठभर मराठी कुणाच्या खिजगणतीत नाही, म्हणून ऐन वेळी बदली लागला की हाक आपल्याला. तुम्ही म्हणायचात, बदली पंचाने दुसऱ्याचा सामना नीट पुरा करून द्यायचा, स्वतःचा मांडायचा नाही. आणि एक गोष्ट बजावून सांगायचात: लोकांच्या आवाजावर शिट्टी मारायची नाही.

मग तो रविवार. मी लाइन्समन, तुम्ही वर प्रेक्षकांत. उत्तरार्धात पंचाचा पाय मुरगळला आणि शिट्टी माझ्या हातात आली. शेवटच्या मिनिटांत गोलसमोर सातआठ जणांची गर्दी, चेंडू त्या गर्दीत, मी मागे. अर्धं मैदान ओरडलं, "लामें! लामें!" हात लागला म्हणे. मी शिट्टी मारली आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट केलं. ज्यांच्याविरुद्ध पेनल्टी दिली त्या संघाचा बचावपटू, माझ्याच वयाचा, दोन्ही हात पाठीमागे धरून माझ्यासमोर उभा राहिला. "आर्बिट," पंचाला मारतात ती हाक मारून तो म्हणाला, "हात असे होते माझे." गोल झाला, त्यांचा सामना गेला, आणि आपल्याला पोलिसांच्या गाडीतून बाहेर काढावं लागलं.

चौकशीत समितीने आधीच ठरवलं होतं की बदली पंच म्हणजे कच्चा माल, माझं नाव यादीतून काढायचं. तुम्ही उठलात. कोट घातला होता तुम्ही, लग्नाला जावं तसा. "गरज पडेपर्यंत यांना विचारत नाही कुणी, आणि चुकले की दर्जा काढता," म्हणालात. मग माझ्याकडे वळून विचारलंत, तुला दिसलं होतं का? मी म्हणालो, होय. "संपलं तर. याच्या शब्दाची हमी माझी." त्यांनी तुमचं ऐकलं. परतताना आपण बसमध्ये शेजारी बसलो. फिनिक्स गाव मागे गेल्यावर खिडकीकडे पाहत म्हणालात, "पुढच्या वेळी दोन पावलं डावीकडे उभा राहा. तू होतास तिथून मला काही दिसलं नसतं." मी मान हलवली. त्यापलीकडे तुम्ही कधी एक अक्षर काढलं नाहीत, आणि पुढच्या शनिवारी काकूंनी माझं ताट मांडलेलंच होतं.

त्यानंतर मी बारा वर्षं शिट्टी मारली, गुरुजी, आणि पुन्हा कधी आवाजावर मारली नाही. तरुण पंचांना शिकवलं ते तुमचंच शिकवलं. मला जे काही मिळालं, मान, ओळख, माझ्यावरचा माझा विश्वास, सगळं तुमच्या त्या हमीवर उभं आहे. हे तुमच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून आज म्हणतो.

तो बचावपटू आता कार्तिए मिलितेर गावच्या बाजारात भाजी विकतो. त्या पेनल्टीनंतर त्याच्या संघाने त्याला पुन्हा खेळवलं नाही. मला वांगी निवडून निवडून देतो, आणि वर्षातून एकदा तरी हसत हसत विचारतो, "आर्बिट, खरं सांग, दिसला होता माझा हात?" मी म्हणतो, दिसला होता. परवाही म्हणालो. नव्हता दिसला, गुरुजी. तुम्हाला हे बसमध्येच कळलं होतं, तेव्हा तुम्हाला लिहून मी काही मोठं करत नाही. हे पत्र खरं तर त्याला जायला हवं. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी मराठीत लिहायला बसलो.