अठरा सेकंदांचं श्वापद

"मंग आताचं श्वापद कोन रं?" रविवारी उमरोळीच्या प्रार्थनेत दामूकाकांनी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि तिथून सगळं फिरलं.

मी, सुजीत पुंडलिक पागधरे, वय २१, बी.ए. दुसऱ्या वर्षात सोडलेला, रा. दातिवरे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दबाव कोणाचा नाही. भीती आहे. सकाळी दारात गाडी थांबली तेव्हा मी पाण्याच्या पिंपामागे लपलो. गॅसवाला होता.

मी ख्रिस्ती नाही. तेजलसाठी जायचो, हे तिच्या बाबांना, म्हणजे प्रार्थना घेणाऱ्या जिवल्यामामांनाही, ठाऊक होतं. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून शास्त्र मी वाचायचो. रविवारी समुद्रातून वर येणाऱ्या सात डोक्यांच्या श्वापदाचा भाग होता. मी समजावलं, हा रोमचा सम्राट; उघड नाव घेणं जिवावरचं, म्हणून लिहिणाऱ्याने श्वापद लिहिलं. त्यावर काकांचा तो प्रश्न. आदल्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातले दोघे जण प्रार्थनेला येणाऱ्यांची नावं लिहून गेले होते. मी भडकून बोललो, "जो दारात येऊन नावं लिहून नेतो तो!" सगळे हसले.

१) माझे इयरफोन मेहुलला. त्याने रविवारी प्रार्थनेत माझं बोलणं रेकॉर्ड करून, रोमचा भाग कापून, अठरा सेकंद गावभर पाठवले. उरलेलं आता नीट ऐक म्हणावं.

२) जाळं विणायची सुई बाबांना. ते बोटीवर आहेत. आल्यावर आधी जेवू द्या, मग सांगा.

३) सायकल आणि इतिहासाची वही तेजलला. शेवटचं पान एकटीने वाचावं.

४) जिवल्यामामांची माफी. त्याच शास्त्रातल्या एका पत्रात प्रेषित पौल अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहायला सांगतो, तर मी म्हणालो होतो, हे घाबरटाचं पत्र. मामा म्हणाले, "पोरा, त्याला पन शेवटी राजानंच धरला ना." आज सकाळी पोलिसांनी मामांनाच नेलं. आवाज कोणाचा, विचारतायत. तेजल सांगत आली, तिचे बाबा माझं नाव घेत नाहीत. म्हणून आवाज माझा, हे सांगायला मीच ठाण्यात जातोय.

साक्षीदार:

१. शकू पागधरे, आत्या. "मेल्या, असलं काय लिवतोस!" असं ओरडत सही केली.

शेजारच्या कृष्णकांतदादांनी पेन घेतलं, परत ठेवलं. "माजं नाव कागदावर नको रं." त्यांना दोष नाही. पिंपामागे मीही होतोच.

साक्षीदार झालं की वाटा जातो, असं कॉलेजात ऐकलेलं. तेजल सही करायला पुढे आली, तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुजी सायकल तुज्याकडंच ठेव. येऊन तूच चालव." कलम ३ रद्द. शेवटचं पान मात्र तिने फाडून घेतलं.

२. तेजल जिवल्या वरठा

दातिवरे, बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५
सुजीत पुंडलिक पागधरे

कागद आत्याच्या डब्यात ठेवला. तेजल बाहेर उभी आहे. निघालो, दार ओढून घेतोय.