शून्याला शाबास

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अठरापैकी अकरा शून्य! रोज संध्याकाळी सहाला चाचणीतल्या रोग्यांना मीच फोन करतो. खरं तर ते नर्स फ्रेनीचं काम, आणि आकडा ऐकून फक्त "नोंदवलं" म्हणायचं असा नियम. पण कानात टोचायच्या या औषधापायी नऊ वर्षं घातलीत — मला कुठला धीर! शून्य म्हणजे दिवसभरात चक्कर नाही. चार म्हणजे जमीन धरून ओकत पडणं. शून्य ऐकलं की माझ्या तोंडून "शाबास!" निघतंच.

१९ नोव्हेंबर

बायकोला, सिल्वियालाही टोचतोय, सप्टेंबरपासून. घरचं माणूस चाचणीत चालत नाही. प्रयोगशाळेतून कुपी उचलून आणतो — चोरीच ती. पण सहा वर्षं झाली, चकरेच्या याच आजाराने तिची बासरी पेटीत पडून आहे. आमच्या बाझेलमध्ये फास्नाख्तच्या, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत न चालणारी बासरीवाली म्हणजे जिवंतपणी मेलेली. या फेब्रुवारीत ती चालणार!

आज जेवताना विचारलं, "किती?"

"शून्य रे बाबा! रोज मेलं तेच काय विचारतोस? बटाटे गार होताहेत."

शाबास म्हणालो.

८ डिसेंबर

सोळा शून्य. फ्रेनीचा टोमणा: "डॉक्टर, निम्म्यांना तर आपण औषध नसलेलं पाणी टोचलंय. तेही बरे? मग औषध तुमच्या आवाजातच असेल!"

हसण्यावारी नेलं. राग मात्र आला.

१५ जानेवारी

आलोईस फुररचा फोन. चाचणीतलाच, छपरं शाकारणारा माणूस, सात आठवडे सलग शून्य. "डॉक्टरसाहेब, आता चढू का वर? घरी बसून बायकोची बोलणी खातोय." मालकाला दाखवायला चिठ्ठी हवी होती. आकडे बघितले, दिली.

२८ जानेवारी

फुरर चर्चच्या छपरावरून पडला. जागीच गेला.

२ फेब्रुवारी

त्याची बायको मार्टा आली होती. कोट न काढताच तिने एक शाळकरी वही टेबलावर ठेवली. घरी तो स्वतःपुरते आकडे लिहायचा. तीन, चार, चार, दोन, चार. आणि मला त्या प्रत्येक दिवशी शून्य!

"मग मला खोटं का सांगायचे?"

"एकदा खरं सांगितलं होतं की त्यांनी. तीन म्हणाले, तर तुम्ही गप्पच झालात. फोन ठेवून मला म्हणाले, 'मार्टा, त्या माणसाचा जीव तुटतो गं. आपलं काय जातंय शून्य म्हणायला?' आणि तुम्ही शाबास म्हणालात की दिवसभर खूश असायचे."

कॉफी नको म्हणाली. ती रडली नाही. मी रडलो.

३ फेब्रुवारी

वही वरिष्ठांकडे दिली. चिठ्ठीचंही सांगितलं. कुपीचं नाही. आजपासून फोन फ्रेनी करणार. आकडा ऐकायचा, "नोंदवलं", बस्स.

९ फेब्रुवारी

सतरापैकी तीन शून्य. फ्रेनीने कागद माझ्यापुढे सरकवला. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

घरी न्हाणीघराच्या दारामागे बादली दिसली. वास घालवायला व्हिनेगरने घासलेली, ओली. सिल्वियाला विचारायची हिंमत झाली नाही. नेहमीचं "किती?"सुद्धा विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, दुपार

फास्नाख्त. गल्लीत ढोल वाजताहेत, तिच्या बासरी-पथकाची मंडळी खाली थांबलीत. सिल्विया पूर्ण पोशाखात स्वयंपाकघरात खुर्चीवर. मुखवटा मांडीवर, एका हातात बासरी, दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली.

"किती?" विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चेहरा हलू दिला नाही.

"सप्टेंबरपासून एकही शून्य नव्हतं रे," ती म्हणाली.