वहीत नसलेलं नाव

सोलापूर,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय यशवंत,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. कारखान्यात सध्या दोन पाळ्या चालू आहेत. आईची खाट अजून उचललेली नाही, तेवढं राहिलं आहे.

चर्चच्या पाळकसाहेबांविरुद्ध तू तक्रारीचा अर्ज लिहिला आहेस, असं तुझ्या मनालीकडून कळलं. तो पाठवू नकोस. का, ते फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आई गेली त्या दिवशी तू लातूरहून पोचलास तेव्हा सगळं उरकलं होतं. सकाळीच मी चर्चच्या कबरस्तानात जागा मागायला गेलो होतो. पाळकसाहेब परगावी होते. पंचकमिटीचे तात्याबा सभासदांची वही उघडून बसले. आईचं नागूबाई हे नाव निघेना. म्हणाले, "बाप्तिस्मा न्हाय, तर मंडळीत न्हाय. माझ्या हातात काय हाय?" चर्चमधली बजाबाई त्यांच्यावर धावूनच गेली. "बावीस वर्सं माझ्या शेजारी बसली की ती! तुमी वही बघा, मी माणूस बघितलंय." तात्याबा वहीतून मान वर करेनात.

मग गावाकडे भावकीत जागेसाठी फोन केला. आप्पा म्हणाला, "म्हातारी दर रविवारी तिकडं जात हुती. आता आमची आठवण झाली व्हय?"

शेवटी महापालिकेच्या स्मशानात नेलं. "मला मातीत ठेवा, जाळू नका," असं ती किती वेळा म्हणाली होती. तिथल्या अर्जात धर्माचा रकाना होता. मी हिंदू असं लिहिलं.

इथवरचं तुला माहीत आहे.

मे महिन्यात आई म्हणाली, "नवनाथा, पाळकांना सांग, मला बाप्तिस्मा द्या म्हणावं. ताट माझ्याम्होरनं जातं, लई वाईट वाटतं रं." फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना मिळणारी प्रभुभोजनाची भाकर फिरायची तेव्हा ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. मी तुला फोन केला. मनालीची जात पडताळणी चालू होती. चर्चच्या वहीत घरातलं नाव सापडलं तर पोरीचा अनुसूचित जातीचा दाखला जायचा, प्रवेशही जायचा. तू एवढंच म्हणालास, "दादा, थोडं थांबता येतंय का बघ." तुला दोष देत नाही. त्याच भीतीने मी स्वतःही आजवर बाप्तिस्मा घेतलेला नाही.

आईला मी सांगितलं, पाळक नको म्हणतात. तू विचारलंस तेव्हा तुलाही तेच सांगितलं. यशवंत, मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो.

आईनं विचारलं, "माझं काय चुकलं म्हणत्यात?" मी म्हणालो, "चुकलं काही नाही. वय झालंय म्हणतात." पुढच्या रविवारी ती चर्चला गेली, पण आत आली नाही. पायरीवर, चपलांजवळ बसली. शेवटपर्यंत तिथेच बसत होती.

परवा पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "नवनाथराव, मला बोलवायचं होतं. तांब्याभर पाणी लागतं. वहीचं मी नंतर बघितलं असतं." चहा न घेता गेले.

प्रार्थनेला रोज बसतो. शब्द येत नाहीत. आई ख्रिस्ती होती की नाही हे तात्याबांनी ठरवलं, आप्पानं ठरवलं, सगळ्यांच्या आधी मी ठरवलं. तिनं स्वतः बावीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. ते खरं धरायला कुणी तयार नव्हतं.

काल पडताळणीच्या चौकशीचा माणूस आला. त्यानं विचारलं, "घरात कुणी ख्रिस्ती आहे का?" मी नाही म्हणालो. "आधी कुणी होतं?" त्यालाही नाही म्हणालो. त्यानं लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली.

मनालीचं काम होईल. तिला यातलं काही सांगू नकोस. पोरीनं निवांत शिकावं.

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. जाळू नकोस.

तुझा थोरला,
नवनाथ