दुखायला हवं

९ जानेवारी १९९४, रविवार. परतूर

आमच्या कुत्रीला, सरमाला, कापसाच्या टेम्पोने उडवलं त्याला आज तिसरा दिवस. पुढचे पाय शाबूत. मागचे दोन्ही ओल्या फडक्यासारखे ओढत नेते. फाटक उघडं टाकलं होतं मीच. बातमीचं पाकीट गाडी सुटायच्या आत स्टेशनवर पोचवायचं होतं. बातमी अजून छापून आलेली नाही.

ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. तरुण माणूस, गाईम्हशींत रमणारा. मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून करकचून दाबलं. पाय आखडला. सौ. हरखली. डॉ. म्हणाले, "वहिनी, पाय आपोआप ओढला जातो. त्यात काही न्हाई. दुखलं तर मान वळवून पाहील, न्हाईतर मला चावंल."

सरमा त्यांचा बूट हुंगत होती.

"पंधरा दिवस बघू. चोवीसला येतो. तोवर पायाला कळायला लागलं तर बराबर. न्हाई तर मंग..." वाक्य तिथेच सोडलं. पुढचं आम्हा दोघांनाही कळलं. ते कायमचं झोपवायच्या सुईचं होतं.

११ जाने.

दिनक्रम असा : दिवसातून तीनदा पोट दाबून लघवी काढणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला निरगुडीचं तेल. पोटाखाली माझं जुनं उपरणं घालून दोघांनी दोन टोकांनी उचलायचं आणि अंगणात चालवायचं. उपरणं सत्काराचं. मला मिळालेल्या सत्काराचा पहिला उपयोग.

पाठीला हात लागला की कण्हते. पायाला सुईने टोचलं तरी पत्ता नाही. एकाच अंगात अर्धं दुखणं आणि अर्धं काहीच नाही. यातलं कोणतं वाईट, हे पाठशाळेत कोणी शिकवलं नाही.

वेदातल्या, देवांच्या कुत्रीचं नाव ठेवलं होतं मी. गल्लीने पहिल्याच आठवड्यात तिची सरू केली. सौ.सुद्धा फितूर.

१३ जाने.

थंडी फार. सौ.ने तव्यावर मीठ तापवून पुरचुंडी केली. पाठीला, मग मांड्यांना शेक दिला. पाठीला कुरकुरली, मांड्यांना अगदी गप्प. डोळे मिटून पडली. सौ. म्हणाली, "पाहा, किती बरं वाटून राह्यलं तिला." मी म्हटलं, अजून थोडा वेळ दे. पाऊणएक तास दिला.

१४ जाने. संक्रांत

उजव्या मांडीवर तळहाताएवढा फोड. सालच निघाली.

डॉ.ना गाठलं. रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "तिला कळत नव्हतं, म्हणून तर मी येऊन राह्यलो ना. तुम्हाला कळाय पाहिजे होतं." शेक द्यायचा तर कोमट, आधी आपल्या मनगटाला लावून, आणि फक्त पाठीला. मलम दिलं.

गप्प पडली होती ते सुख वाटलं आम्हाला. दोघं शिकलेली माणसं.

सौ.ने तिळगूळ दिला. बोलली काहीच नाही, गोड तर नाहीच.

१६ जाने., रवि.

सौ.चे थोरले बंधू, आबा, जांबेहून आले. बैलांच्या नसा जाणणारा माणूस. मला भाषण : "दाजी, तुमचं सगळं पोथीतलं. जनावर हातानं कळतं." आणि खरोखर, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवत खाली आले. दहा दिवसांत पहिल्यांदा सरमा न कण्हता झोपली. मला जरा रागच आला.

मग चहा पिताना : "आता दोन डाग देऊ कमरंवर. बैल उठत्यात, ही तर कुत्री."

मी म्हटलं, एकदा भाजून झालं, काही उठली नाही.

"त्यो डाग चुकीच्या जागी बसला."

सौ. यावर नाही म्हणाली नाही. हेच मला खुपतंय. आबा पुढच्या रविवारी सळई घेऊन येणार.

१९ जाने.

शेजारचे अडते मोतीलालजी यांच्या आवारात सिमेंटचा हौद आहे. ते आपणहून आले. "पंडितजी, सुई बिलकुल नको. डाग पण नको. माझ्या गुडघ्याला पाण्यात चालवलं होतं, खूप आराम पडला. हिला पण चालवा की." डॉ.ना विचारलं. म्हणाले, फोड सुकू द्या आणि पाणी कोमट ठेवा.

गुडघेदुखीच्या व्यापाऱ्याचा उपचार कुत्रीला. चरकाचार्यांनी कानावर हात ठेवले असते. मी बादल्या तापवायला लागलो.

२१ जाने.

फोड सुकला. हौदात उतरवली. उपरण्यावर तोलून मी पाण्यात, सौ. काठावर. सरमाने पुढचे पाय मारले. मागचे... हलले की पाण्याने हलवले? सौ. म्हणते हलले. मी बातमीदार आहे, एका साक्षीदारावर बातमी देत नाही.

तीन दिवस उरले.

२३ जाने., रवि.

आबा आले. चुलीत सळई लाल केली. मी दारात उभा राहिलो, म्हणजे काही केलं नाही. आबा म्हणाले, "शांते, धर तिला."

सौ.ने धरली. डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "दादा, तिला कळणारच न्हाई. मंग डाग कुणाला देऊन राह्यलास?"

आबा चुलीपाशी गेले. मग सळई बादलीत बुडवली. हात तेलात बुडवून पुन्हा पाठ चोळायला बसले. म्हणाले, "उद्या डाक्टर येऊस्तोवर थांबतो."

सौ. इतका वेळ डागाच्या बाजूने नव्हतीच. सुईच्या विरुद्ध होती. सतरा वर्षं संसार करून एवढा फरक मला आज कळला.

२४ जाने., सोम.

डॉ. अकराला आले. पिशवी ओट्यावर ठेवली. तिच्याकडे कोणीच पाहिलं नाही.

खिशातून चिमटा काढून बोट दाबलं. सरमाने मान वळवली. पण त्याच क्षणी सौ.च्या तोंडून "सरू" निघालं होतं. डॉ. म्हणाले, "आता कोणी बोलू नका."

पुन्हा दाबलं. मान जागची हलली नाही. कान मागे गेले. मी पाहिले, डॉ.नी पाहिले. आबा म्हणाले, "माशी बसली." माशी होती का? मला दिसली नाही, पण मी कानाकडेच बघत होतो.

तिसऱ्यांदा काहीच नाही.

डॉ.नी चिमटा पुसला, पिशवी न उघडता उचलली. "एक आठवडा अजून. पाणी चालू ठेवा. रोज एकदा बोट दाबून बघा. घरच्यानं दाबलेलं बरं, ती बिचकत न्हाई."

आबा दुपारच्या गाडीने गेले.

संध्याकाळी सौ.ने सरमाला अंगणात आणलं. "तुम्ही दाबा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." मी डाव्या पायाचं मधलं बोट धरलं. गार होतं. सरमा मान वर करून सौ.कडे बघत होती. सौ. तोंड गच्च मिटून बसलेली, नाव निघू नये म्हणून.

जोरात दाबायचं असतं, अगदी दुखेल असं. नुसतंच बोट धरून काय बसलात, असं आठ वाजता सौ.ने हटकलं, तेव्हाही मी दाबलं नव्हतं.